उगवतीचा खांदा

चौलच्या देवळामागील मैदानावर मे महिन्यातल्या त्या सकाळी पाच कमानी एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या आणि जमलेल्या दोन-अडीचशे माणसांच्या तोंडून एकच हर्षोद्गार उमटला. त्यांत लोखंडाचा गज नव्हता, लाकडाचा वासा नव्हता, साधी बांबूची काठीही नव्हती. होत्या त्या केवळ जाड, मेणचट कापडाच्या पाच नळ्या आणि त्यांत कोंडलेली हवा. हवा भरण्याचे यंत्र घुमू लागले तेव्हा जमिनीवर लोळागोळा होऊन पडलेले ते केशरी कापड आधी कुशीवर वळले, मग कोपरावर उठले, आणि पाहता पाहता सहा मीटर रुंद व दहा मीटर लांब असा निवारा ताठ मानेने उभा राहिला. आबालवृद्धांनी टाळ्या पिटल्या.

भार्गवीने मात्र टाळी वाजवली नाही. तिची नजर दाबाच्या तबकडीवर खिळली होती. वय एकतीस, पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात अभियंता, आणि गेली दोन वर्षे या पाच नळ्यांखेरीज तिला दुसरे विश्व नव्हते. आजचा दिवस त्या दोन वर्षांचा निकाल लावणार होता. किनाऱ्यावरच्या बारा वस्त्यांसाठी पावसाळ्यापूर्वी असे बारा निवारे घ्यावेत की नाही, हे आजच्या एका चाचणीवर ठरायचे होते. चाचणी फसली तर यंदाही वादळाच्या दिवसांत ती माणसे पत्र्याच्या शाळांतच जाऊन बसणार होती. २०२०च्या जूनमध्ये याच किनाऱ्यावर पत्रे कसे पतंगासारखे उडाले होते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ते दृश्य डोळ्यांपुढून हलेना म्हणून तर तिने हा उद्योग आरंभला होता.

"मॅडम, स्पष्ट बोलतो, राग मानू नका," तालुक्याचे उपअभियंता हिरामण मोकल कमानीवर बोटाने टकटक करीत म्हणाले. "हा फुगा आहे. मोठा आहे, देखणा आहे, पण फुगा."

"तुमच्या गाडीची चारही चाके फुगेच आहेत, साहेब. त्यांवर बसूनच आलात ना आपण?"

मोकल हसले. "बरं, पंक्चर झाले तर?"

"प्रत्येक कमान स्वतंत्र आहे. एक बसली तरी चार उभ्या राहतात." भार्गवीचा आवाज उत्साहाने चढला. "आतली हवा कापडाला सतत ताणून धरते. वर वजन आले की ते कापडाला एका अंगाने दाबू पाहते. जोवर हवेचा ताण त्या दाबाहून अधिक आहे तोवर हे कापड लाकडाच्या तुळईसारखे वागते. दाब वरचढ झाला की तिथे सुरकुती पडते. ती सुरकुती म्हणजे इशारा. लाकूड कडकन मोडते; कमान आधी सांगते, मग बसते. आणि वजन काढले की पुन्हा उठते."

"उठते ते ठीक. पण आमच्या नियमात बसण्याला जागा नाही." मोकलांनी कागद पुढे धरला. "पंचवीस किलोची एकशेवीस पोती. सगळी चढल्यावर एक तास तशीच. मध्येच एक पोते जरी खाली उतरवले तरी चाचणी संपली, आणि मी 'अनुत्तीर्ण' लिहिणार. फेरचाचणी दिवाळीनंतर."

"मान्य आहे."

"आणि कमान किती हलली, ते कोण मोजणार?"

"मी मोजणार," असा करारी आवाज आला, आणि मोकलांची मान आपोआप तिकडे वळली.

निवाऱ्याच्या दक्षिण तोंडाबाहेर, सुरक्षित अंतरावर, लाकडी हातांच्या खुर्चीत कुमुदआत्या बसल्या होत्या. भार्गवीच्या या थोरल्या आत्याने चौतीस वर्षे गणित शिकवले होते आणि निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली तरी गाव त्यांना 'बाई' म्हणूनच हाक मारी. त्यांच्यासमोर कमानीच्या माथ्यापासून एक ओळंबा सोडला होता. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे पाहायला दोरीला पितळी वजन बांधून सोडतो, तसाच. ओळंब्याच्या टोकाखाली पांढऱ्या रंगाची फळी होती आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या रेघा. माथा जितका डावी-उजवीकडे सरकेल तितका ओळंबा त्या रेघांवर सरकणार.

"आकडे मीच घेईन व मीच लिहीन," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याने लिहिलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. आपण कोणत्या शाळेचे?"

"पोयनाडचा, बाई. मी तुमचा विद्यार्थी नव्हतो."

"ते आपल्या अक्षरावरून दिसतेच आहे."

सभोवतीची मंडळी खो खो हसली. मोकलांनीही हसून कागद छातीशी धरला.

पोती मिठाची होती. ती पेणकडच्या मिठागरातून आली होती, आणि ती चढवण्याचे काम धर्माच्या टोळीकडे होते. धर्मा म्हणजे साठीचा, काळाकभिन्न, तारेसारखा ताठ माणूस. बापजाद्यांपासून मिठागरात राबलेला. बरोबर त्याची बायको सगुणा आणि आठ गडी. कमानींवरून कोळीवाड्यातले जुने जाळे अंथरले होते, त्याला पोत्यांसाठी कप्पे बांधले होते आणि दोन्ही अंगांना बांबूच्या परांच्या रचल्या होत्या. गड्यांनी परांचीवर चढायचे आणि पोते कप्प्यात ठेवायचे, एवढेच काम. भार्गवीने आदल्या दिवशी धर्माच्या हाती आराखडा दिला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'दोन्ही बाजूंना साठ-साठ.'

"समजलं ना, धर्मादादा?"

"बाय, चालीस पावसाळं मिठाच्या राशी झाकल्यात या हातांनी. मना काय समजवतंस!"

नऊ वाजता मोकलांनी शिट्टी वाजवली. सगुणेने पहिले पोते उचलून दिले आणि खणखणीत आवाजात मोजदाद सुरू केली. "येक! दोन! तीन!" पोरे तिच्यामागून ओरडू लागली. एखाद्या जत्रेला यावा तसा रंग मैदानाला आला.

ऊन तापू लागले होते. उन्हाने आतली हवा फुलते, दाब वाढतो, म्हणून भार्गवी उत्तर टोकाला यंत्रापाशी उभी राहून झडपेतून थोडी थोडी हवा सोडत होती. मोकल शेजारी उभे राहून शंकांवर शंका काढत होते. यंत्राच्या घरघरीत दुसरे काही ऐकू येत नव्हते. सगुणेचा आवाज तेवढा मधूनच येई. "पंचवीस! सव्वीस!" भार्गवीला वाटले, सारे सुरळीत चालले आहे. कमानी भक्कम उभ्या होत्या.

इतक्यात एक लहानगी मुलगी धापा टाकत तिच्यापाशी आली. "ताई, बाई हाका मारून दमल्या. त्या म्हणाल्या, तिला सांग, बहिरी झालीस काय!"

भार्गवी धावत दक्षिण तोंडाशी आली. बाईंनी बोटाने फळी दाखवली. ओळंबा मधल्या रेघेवर नव्हता. तो पूर्वेकडे सरकला होता. एक-दोन नव्हे, चौदा सेंटिमीटर.

"दहा पोत्यांना एक," बाई वहीतून वाचू लागल्या. "वीसला अडीच. तीसला पाच. चाळीसला नऊ. आता सेहेचाळीस झाली. अगं, हे आकडे सरळ रेषेत चाललेले नाहीत. दर दहाला वाढ आधीच्या निदान दीडपट होते आहे. हे लक्षण मला बरे दिसत नाही."

भार्गवीने वर पाहिले. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पोती पश्चिमेच्या उतारावर रचलेली होती. पूर्वेचा उतार कोरा होता. तिकडच्या परांचीवर एक कावळा बसला होता, दुसरे कोणी नाही.

"धर्मादादा! हे काय केलंत? सगळं एकाच बाजूला?"

धर्माने परांचीवरून तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू तिनेच काही खुळचट विचारले होते. "मंग? मावळतीची बाजू पयली. पाऊस कुठून येतो? मावळतीकडून. मिठाची रास झाकताना मावळती पुरी झाल्याबिगर उगवतीला हात लावला, तर माझ्या बापानं हात तोडला असता. चौदा राहिली. ती झाली का मंग उगवतीला जातो."

त्याचे काय चुकले होते? साठ-साठ म्हटले होते. तो साठ-साठच ठेवणार होता. एक इकडे, एक तिकडे असा क्रम राखायचा, हे भार्गवीने कुठे लिहिले नव्हते. कागदावर दोन्ही बाजूंचे वजन तिच्या मनाने एकदमच टाकले होते. प्रत्यक्षात ते माणसाच्या हाताने, माणसाच्या सवयीने चढते, हे त्या शहाण्या मुलीला सुचलेच नव्हते.

"थांबा! कोणी हलू नका!" ती ओरडली आणि वाकून निवाऱ्याच्या आत डोकावली. वजन पश्चिमेला होते, तरी सुरकुत्या पडल्या होत्या पूर्वेला. पूर्वेच्या उताराच्या मध्यावर, जिथे कमान माणसाच्या खांद्यासारखी वळते, तिथे आतल्या अंगाला तीन कमानींवर बारीक, आडव्या चुण्या उमटल्या होत्या. पश्चिमेचा खांदा खाली दबला होता आणि पूर्वेचा फुगून वर, बाहेर निघाला होता.

"सतरा," बाईंनी आकडा वाचला. "पोते एकही वाढलेले नाही आणि आकडा वाढला."

जमावात कुजबूज झाली, मग गलका. "अरे, पडतंय ते!" "उतरवा पोती! उतरवा!" दोन गडी वरची पोती काढायला सरसावलेसुद्धा.

मोकल धावत आले. त्यांनी ते वाकडे झालेले छप्पर पाहिले आणि खिशातून पेन काढले. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. खरे तर खेदच होता. "मॅडम, उतरवून घ्या. माणसे आहेत वर. उगाच हट्ट नको."

एक पोते उतरले की संपले. दिवाळीनंतर फेरचाचणी; आणि मधला सारा पावसाळा बारा वस्त्या पत्र्याखाली. भार्गवीने डोळे मिटले नाहीत की देव आठवला नाही. ती त्या फुगलेल्या पूर्वेकडच्या खांद्याकडे पाहत राहिली. तो वर का निघाला आहे? कारण पश्चिमेचा खाली गेला आहे. एक खाली जातो म्हणून दुसरा वर येतो. मग दुसऱ्याला वर येऊ दिले नाही, तर पहिला खाली जाईल कसा?

"उतरवायचे नाही!" ती गर्जली. तो आवाज आपलाच आहे हे तिला क्षणभर खरे वाटेना. "एकही पोते उतरवायचे नाही. चढवा! पूर्वेला चढवा! बरोबर खांद्यावर. माथ्यावर नको, पायथ्याशी नको. तिथे, जिथे फुगलंय तिथे!"

"आणखी वजन?" मोकल ओरडले. "आहे तेच पेलवत नाही आणि तुम्ही..."

"वजन जास्त झालेले नाही, साहेब, ते एकांगी झाले आहे."

धर्मा परांचीवर घुटमळला. "पर बाय, मावळतीची अजून चौदा..."

"धर्मा!" खुर्चीतून कुमुदबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. चौतीस वर्षे वर्गच्या वर्ग ज्या स्वराने जागच्या जागी गोठत, तो स्वर मैदानावर कडाडला. "तुझा बाप इथे असता तर त्यालाही मी हेच सांगितले असते. उगवतीला हो! आणि तुम्ही सगळे काय तमाशा पाहता? रांग करा!"

मग जे घडले ते पाहण्यासारखे होते. धर्मा वानरासारखा सरसर उतरला आणि पूर्वेच्या परांचीवर चढला. कावळा उडून गेला. सगुणेने पदर खोचला. जमावातले बघे पुढे धावले, रांग झाली, आणि मिठाची पोती हातोहात निघाली. शाळामास्तर, कोळणी, नारळवाडीवाले, देवळाचे गुरव, ज्याच्या हाती पोते आले त्याने ते पुढे दिले.

"येक!" सगुणा ओरडली.

"सतरा," बाई म्हणाल्या.

"पाच!"

"सतराच." आणि मग, फळीवर वाकून, "सोळा."

"सोळा!" पोरे किंचाळली.

"दहा!"

"चौदा. अगं, येतोय तो! चौदा!"

"खांद्यावरच ठेवा, दादा! आणखी एक हात वर!" भार्गवी वाकून आतल्या चुण्या पाहत होती, बाहेर येऊन हात उंचावून जागा दाखवत होती, पुन्हा वाकत होती. पंधराव्या पोत्याला मधल्या कमानीवरची चुणी फिकी झाली. विसाव्याला ती दिसेनाशी झाली. गादीवर पडलेली सुरकुती हाताने सारखी करावी तसे ते कापड आतून, हवेच्या बळाने, पुन्हा ताठ होत होते.

"वीस!" "अकरा!" "तीस!" "सहा!" आता एकीकडे सगुणा आणि दुसरीकडे बाई, असा सवाल-जवाबच रंगला. वर वजन वाढत होते आणि कमान सावरत होती. मोकल पेन उघडेच ठेवून ओळंब्यासमोर उकिडवे बसले होते. डोक्यावरची टोपी घसरल्याचेही भान त्यांना राहिले नव्हते. उगवतीला सेहेचाळीस झाली तेव्हा ओळंबा मधल्या रेघेपासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर स्थिरावला. उरलेली अठ्ठावीस पोती भार्गवीने स्वतः मोजून, एक इकडे आणि एक तिकडे अशी चढवून घेतली.

एकशेवीस. माथा थोडा खाली आला होता, परंतु कमानी सरळ होत्या. एक तास लोक जागचे हलले नाहीत. कोणी ताक आणले, कोणी कलिंगड कापले, आणि घड्याळाचा काटा फिरून आला तेव्हा मोकलांनी उभे राहून हात जोडले.

"मॅडम, शब्द मागे घेतो. फुगा नाही." त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. "उत्तीर्ण लिहितो."

मैदान दुमदुमले. कोणीतरी भार्गवीला खांद्यावर घेण्याची भाषा करू लागले. ती मात्र आत्याच्या वहीकडे पाहत होती. एक, अडीच, पाच, नऊ, चौदा, सतरा. आकड्यांची ती चढती रांग तिला स्वस्थ बसू देईना.

"साहेब, एवढ्यात लिहू नका," ती म्हणाली.

"आता काय?"

"वादळ दोन्ही बाजूंनी समान येणार नाही. ते समुद्रावरून येईल आणि एकाच अंगाने ढकलील. त्या वेळी पूर्वेच्या खांद्यावर पोती ठेवायला ही सगळी मंडळी नसतील. आज धर्मादादांनी जी चाचणी घेतली ती खरी होती. आपली नियमातली सोपी होती."

मोकलांनी तिच्याकडे रोखून पाहिले. "पास झालेला कागद परत करणारा माणूस मी नोकरीत प्रथमच पाहतो आहे. या खेपेस कमान बसली तर मला 'अनुत्तीर्ण' लिहावे लागेल, हे लक्षात आहे?"

"आहे."

"आत्या म्हणून सांगू की गणिताची शिक्षिका म्हणून?" बाई मध्येच म्हणाल्या. "आत्या म्हणून सांगते, कागद घे आणि घरी चल, सकाळपासून तू पाणीसुद्धा प्यायलेली नाहीस. शिक्षिका म्हणून सांगते, चुकीच्या रीतीने बरोबर आलेल्या उत्तराला मी कधी गुण दिले नाहीत."

भार्गवी खदखदून हसली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि कामाला लागली. सगळी पोती उतरवली. कमानींच्या खांद्यांना पावसाचा पडदा अडकवण्यासाठी भक्कम कड्या शिवलेल्या होत्या. प्रत्येक कडी तीनशे किलोंचा ताण घेते हे तिने कारखान्यात स्वतः तपासले होते. त्या कड्यांतून दोन्ही बाजूंना जाड दोर ओवले आणि जमिनीत ठोकलेल्या लोखंडी मेखांना बांधले. आतापर्यंत तिने दोर फक्त पायथ्याशी दिले होते. आता ते खांद्याशी आले.

"धर्मादादा, आता साठ पोती. सगळी एकाच बाजूला."

"कंच्या?"

"मावळतीच्या. तुमच्या रीतीने, पुरी करा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असे काही तेज आले की सगुणा पदरात तोंड लपवून हसली. "आता कशी बोललीस!" तो म्हणाला आणि तरण्या पोरासारखा परांचीवर चढला.

दहा, वीस, तीस. पश्चिमेचे दोर सैल पडले, झोक्यासारखे लोंबू लागले. पूर्वेचे मात्र एकेक करून ताठले, आणि चाळीसाव्या पोत्याला त्यांच्यावर बोट मारले तर तंबोऱ्यासारखा नाद येऊ लागला. पूर्वेचा खांदा वर यायला धडपडत होता आणि दोर त्याला येऊ देत नव्हते.

"सेहेचाळीस!" सगुणा ओरडली. मघाशी याच आकड्याला सारे कोसळू लागले होते.

बाईंनी चष्मा नाकावर सरकवला, फळीकडे वाकून पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. "तीन," त्या म्हणाल्या.

"बाई, नीट बघा," मोकल पुटपुटले.

"आपण बघा. आपले डोळे माझ्याहून तरुण आहेत."

मोकलांनी गुडघे टेकून पाहिले. तीन होते. पन्नासला साडेतीन झाले. पंचावन्नला चार. भार्गवी आत वाकून पाचही कमानींवरून टॉर्चचा झोत फिरवत होती. चुणी नव्हती. एकही नव्हती.

"साठ!"

"चार पूर्णांक तीन दशांश," बाईंनी सांगितले आणि आकड्याखाली दुहेरी रेघ मारली.

तास भरेपर्यंत तो आकडा हलला नाही. मोकलांनी छापील नमुना बाजूला सारला, कोरा कागद मागून घेतला आणि सावकाश, पुन्हा कोणी अक्षराला नावे ठेवू नयेत अशा बेताने, वळणदार लिहू लागले. खांद्यांना दोर असल्याशिवाय निवारा उभारू नये. वजनाची चाचणी यापुढे एका बाजूने घ्यावी. बारा निवारे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी मिळावेत.

"सतरा दिवस राहिले, मॅडम," त्यांनी मान वर करून विचारले. "जमेल?"

भार्गवीने कारखान्याचा क्रमांक आधीच फिरवला होता. "परेश, ऐक," ती फोनमध्ये जवळजवळ ओरडतच होती, "शिलाईवाल्यांना आज सोडू नकोस. बारा. हो, बाराच्या बारा! आणि खांद्याच्या कड्या दुप्पट!"